फरशीतली चर

प्रिय चष्मिष,

दचकू नकोस. इतक्या वर्षांनी माझं अक्षर बघून चहा बशीत सांडला असेल तर आधी तो पुसून घे. पत्र मुद्दाम घरच्या पत्त्यावर पाठवलंय, आणि वाचून झालं की तुझ्या बायकोलाही दे. लपवण्यासारखं ह्यात काही नाही. मी लिहितेय आणि आमचे हे समोर बसून भाजी निवडताहेत. अक्षर जरा मोठं काढ, त्याचा चष्मा आता आणखी जाड झाला असेल, अशी सूचनाही त्यांनी करून झाली आहे.

येत्या बुधवारी तू आमच्या कारखान्यात तपासणीला येणार, हे दादाने काल जेवताना सांगितलं. तुला माझा थोरला भाऊ आठवत असेलच. मला कॉलेजातून न्यायला यायचा आणि तुला उगाच घरापर्यंत सोडायचा, तोच. तुझं नाव ऐकून मला ठसका लागला आणि त्याला हसू फुटलं. त्याला काम दुप्पट करायचं आहे. नवी पिंपं, नवी माणसं, सगळं ठरून बसलंय. आगीच्या दृष्टीने सारं ठीक आहे असा तुझा शेरा मिळाला की झालं. तपासणीवाला आपलाच माणूस निघाला म्हणून स्वारी कालपासून हवेत आहे.

मी काय करते म्हणशील, तर बाटल्यांत अल्कोहोल भरते. आमचे हे पाहुण्यांना एवढंच सांगतात आणि त्यांची तोंडं बघत बसतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल, तुझ्या-माझ्या ओळखीचंच. मोठ्या पिंपांतून येतं आणि माझ्या खोलीतून लहान बाटल्यांत भरून जातं. छापखानेवाले त्याने रोलरवरची शाई काढतात, मोबाइल दुरुस्त करणारे ब्रशने सर्किटवर फिरवतात, चष्मेवाले भिंगं पुसतात, आणि इंजेक्शनच्या आधी दंडाला गार लागतं ते पुष्कळदा हेच. तेलकटपणा ओढून घेतं आणि मागे डाग न ठेवता उडून जातं. इतका गुणी पदार्थ मी दुसरा पाहिला नाही. एका नव्या बाईने विचारलं होतं, ह्यातलं थोडं घरी नेऊन नवऱ्याला दिलं तर? मी म्हटलं, त्याला कायमचाच घालवायचा असेल तर वकील गाठ, ते सोपं पडेल. मग तिला नीट बसवून हे विष का आहे ते समजावलं.

त्या खोलीत माझं राज्य आहे, आणि सांगायला मला जराही संकोच वाटत नाही की ते चोख आहे. पिंपाला आणि भरायच्या भांड्याला अर्थिंगची तार चिमट्याने लावल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, कारण ओतताना वीज साठते आणि तिची एवढीशी ठिणगी पुरते. कपडे सुती. मोबाइल बाहेर. ओली चिंधी झाकणाच्या डब्यात. डोकं जड झालं की मला न विचारता अंगणात जायचं. आग विझवायला अल्कोहोलवर टिकणारा फेस ठेवलाय. साधा फेस त्यात विरून जातो, हे दादाच्या गळी उतरवताना माझ्या नाकीनऊ आले होते. नवी मुलगी आली की मी तिला अंगणात नेते. पत्र्याची पन्हळ उतरती लावते, खालच्या टोकाला मेणबत्ती, वरच्या टोकाला भिजवलेली चिंधी, आणि आम्ही लांब उभ्या. ऊन तापलेलं असलं की थोड्या वेळाने ज्योत पन्हळीतून सरसर वर धावते आणि चिंधी भडकते. वाफ हवेहून जड, ती उताराने जमिनीलगत वाहत जाते आणि आगीला घेऊन माघारी येते. एकदा डोळ्यांनी बघितलं की मुली पुन्हा विचारत नाहीत. हा प्रयोग आपण दोघांनी कॉलेजच्या मागच्या मैदानात केला होता आणि तुझ्या भुवया थोडक्यात वाचल्या होत्या.

किती गोड होतास रे तू तेव्हा. मी म्हणेन ते तुला पटायचं. मी चहा म्हटलं की चहा, मी सिनेमा अर्धा टाकून उठू म्हटलं की तू आधीच उठलेला. एकदा मी मुद्दाम चुकीचं समीकरण लिहिलं, तर तेही तू मान डोलावून उतरवून घेतलंस. मला ते फार आवडायचं. पुढे तुझ्या आईने तुझ्यासाठी मुलगी बघितली आणि तू तिच्यापुढेही तशीच मान डोलावलीस, तेव्हा कळलं की ह्यात माझं खास असं काही नव्हतं. माझं तुझ्यावर प्रेम होतं. पोटभर रडले, मग पोटभर जेवले, आणि माझं छान झालं. तुझंही छान झालं असं ऐकते, आणि ऐकून बरं वाटतं. हा तक्रारीचा पाढा नाही. पण तू आता तपासणी करतोस हे कळल्यापासून मनात एकच विचार आहे, की हा माणूस लोकांना नकार देतो तरी कसा?

आता माझ्या राज्यातली एक गोष्ट, जी माझ्या हातात नाही. खोली धुण्यासाठी फरशीत एक चर काढलेली आहे. ती भिंतीखालून पलीकडच्या पॅकिंगच्या खोलीत जाते. तिथे बाटल्यांवर प्लास्टिक ताणून बसवणारं मशीन आहे, आतून लालभडक तापणारं. आणि हवा ओढणारा पंखा? तो आढ्याजवळ, जिथे वाफ कधी फिरकतच नाही. ज्या भिंतीत तो खाली बसवायला हवा, तिच्या पलीकडे दादाचं नवंकोरं ऑफिस आहे, गुळगुळीत फरशा लावलेलं. दादाला मी गोडीने सांगितलं, भांडून सांगितलं, पन्हळ लावून दाखवलं. तो म्हणतो, इतकी वर्षं झालं का काही? झालं नाही, कारण मी होऊ दिलं नाही. सकाळी मी भरते तेव्हा ते मशीन बंद असतं. दुपारी खोली धुऊन, वारा खेळवून झाल्यावरच ते चालू होतं. ही शिस्त मी लावली आणि डोळ्यांत तेल घालून सांभाळली. काम दुप्पट झालं की दोन्ही खोल्या दिवसभर एकदमच चालणार. दादाने तसा हिशेबच मांडलाय, आणि तिथे माझी शिस्त कोणी विचारणार नाही. दादा वाईट नाही रे. त्या मशीनवर कोण बसतं ठाऊक आहे? त्याची स्वतःची मुलगी, माझी भाची. चर उघडते तिथेच तिचं स्टूल आहे. मी काही बोलले की तो तेच पुढे करतो. म्हणतो, माझी पोर बसते तिथे, मला काळजी नसेल का? त्याला वाटतं ह्यापुढे बोलायला काही उरलंच नाही. मी मात्र तिच्या त्या स्टुलाकडे बघते आणि मशीन बंद आहे ना, ते पुन्हा जाऊन तपासते.

म्हणून लिहिते आहे. बुधवारी दादा तुला आधी त्या ऑफिसात बसवेल, चहा पाजेल, जुन्या आठवणी काढेल. मग म्हणेल, माझ्या बहिणीची खोली आहे, तिच्यात काय बघायचं? खोली चकचकीत असेल, तारा जागच्या जागी असतील, आणि तुला वाटेल की हिच्यासाठी एवढं तरी करावं. ते करू नकोस. चर बुजवून पंखा खाली बसत नाही तोवर परवानगी नाही, असं दादाच्या तोंडावर सांग, माझ्यादेखत. तो चिडेल, मला घरभेदी म्हणेल, ते मी बघून घेईन. भावाला कसं वळवायचं ते मला येतं, फक्त त्याआधी कोणीतरी त्याला अडवायला हवं. काम थांबलं तर लेबलं लावायचं काम बायकांना पुरेल एवढं मी आधीच बाजूला काढून ठेवलंय. तुझ्याकडे मी आयुष्यात काही मागितलं नाही, त्या वेळीसुद्धा नाही. आज मागते. मी दारातच उभी असेन, कदाचित हसतही असेन. माझ्याकडे बघू नकोस. गुडघे टेकून खाली बस, चरीत हात घाल, आणि मग उठून नाही म्हण.

तुझीच,
भांडकुदळ