वर दाखवायच्या गोळ्या

८ जुलै, मंगळवार
लातूर. महानंदाला डॉक्टरकडे नेलं. फिट येऊन वर्षं झाली, तरी गोळी बंद करायची नाही म्हणतात. भाव पुन्हा वाढलाय. ही गोळी मिळते दवाखान्याखालच्या मेडिकलमध्येच, गावात चाकूरला कुणी ठेवत नाही. का, असं विचारलं तर मेडिकलवाला म्हणाला, "कंपनीला विचारा काका."

कंपनीचा माणूस वर बाकावरच होता, मांडीवर बॅग. नंबर आमचा आधी, आत गेला तो आधी. हसत बाहेर आला. कापडधंद्यात जन्म गेला माझा. एजंट हसत बाहेर येतो तेव्हा आत काय ठरलेलं असतं, हे मला कुणी सांगायला नको.

गोळ्या घेऊन रीतीप्रमाणे परत वर दाखवायला. कंपाउंडरनं पट्टी उलटीसुलटी केली, मान हलवली. मग सुटका.

१३ जुलै, रविवार
नांदेडला लेकीकडे. जावईबापू दुसऱ्या एका औषध कंपनीत एमआर, म्हणजे तेही बॅगवालेच. जेवण झाल्यावर विषय काढला. ते आधी दाराकडे बघून मग बोलले.
"मामा, आतलं औषध एकच असतंय. वरचं नाव निराळं."
"मग तुमची कंपनी कशाला?"
"नावासाठी."

स्वतः घेऊन गेले जेनेरिकच्या दुकानात. भाव निम्म्याहून खाली. एवढा खाली की त्याचाच संशय आला. तरी घेतल्या. घरून निघताना दिसलं, त्यांच्या आईची बीपीची गोळी मात्र नावाचीच आहे. विचारलं नाही. जावयाला काय विचारायचं.

१५ जुलै, मंगळवार
नवी गोळी सुरू. म. म्हणते, "रंग येगळा हाय."
म्हटलं, रंग बघायला काय साडी हाय का ती?
हसली नाही. या खेपेला गोळ्या वर दाखवल्या नाहीत. काही चोरल्यासारखं वाटतंय उगीच.

२८ जुलै, सोमवार
पहिला श्रावणी सोमवार. म.चा कडक उपास, सूर्य मावळेपर्यंत तोंडात पाणी सोडून काही नाही. दुकानात गर्दी बरी. गोळी चालू होऊन इतके दिवस झाले, तब्येत ठणठणीत. म्हणजे इतकी वर्षं आपल्याला कापलं त्यांनी. त्या कंपाउंडरला एकदा ही पट्टी दाखवीनच.

५ ऑगस्ट, मंगळवार
दाखवली.

सकाळी म. चहा टाकत होती. भांडं पडल्याचा आवाज. गेलो तर खाली, डोळे फिरलेले, जीभ चावलेली, हातावर चहा. शेजारीण कांदा घेऊन धावली, तिला बाजूला सारलं. जीप करून लातूर.

कंपाउंडरनं पट्टी बघितली. "ही आपली न्हाई."
डॉक्टर म्हणाले, "न विचारता बदलली? चार पैसे वाचवायला गेलात, बायको गेली असती."

आपली म्हणजे कुणाची, हे तोंडावर आलं होतं. म. बाकावर, तोंडाला रुमाल. जुनी गोळी घेतली, वर दाखवली.

६ ऑगस्ट, बुधवार
हातात काम ठरत नाही. मीच केलं असेल तर...
जावईबापूंना फोन. म्हणाले, "फिटची गोळी बदलायची तर डॉक्टरला पुसून बदलावं लागतंय मामा." हे आता सांगतात. मग विचारलं, "माझं नाव तर न्हाई ना घेतलं तिथं?" सासू कशी आहे, हे त्यानंतर.

१० ऑगस्ट, रविवार
स्वस्ताची पट्टी फेकायला काढली. हिशोबापेक्षा दोन गोळ्या जास्त. दुकानदारानं जादा दिल्या म्हणावं, तर दुकानदार जादा देत नसतो. म.ला विचारलं.
"सोमवारच्या हायत त्या."
"म्हणजे?"
"डॉक्टरच म्हणले, उपाशीपोटी घिऊ नका. उपासाला प्वाट उपाशीच की."
"उपास सोडल्यावर घ्यायची होती."
"सकाळची गोळी सांजच्याला कशी घ्यावं?"

म्हणजे फिट आली ती सोमवारची गोळी चुकली म्हणून! जीव एकदम हलका झाला. माझी चूक नाही, स्वस्ताची चूक नाही. आणि याच आनंदात विचारून बसलो, गेल्या श्रावणात घेत होतीस का?
"न्हाई की. त्याच्या आदल्यालाबी न्हाई."

तेव्हा गोळी महागाची होती. तेव्हा फिट आली नव्हती.

११ ऑगस्ट, सोमवार
म.ला उपास धरू दिला नाही. चिडली. तरी लिंगपूजा झाल्यावर दुधातली दशमी खाल्ली. उद्या लातूरला जाऊन उपासाचं सगळं सांगणार आहे. डॉक्टर काय म्हणतील ते आजच माहीत आहे: गोळी चुकवू नका, आणि घ्यायची ती आपलीच. आणि ते खरं असलं तरी मला खरं वाटणार नाही, हा माझा रोग.

दोन्ही पट्ट्या फळीवर होत्या. म.नं पाण्याचा तांब्या घेतला.
"कंची घिऊ?"
म्हटलं, डॉक्टरची.
"डॉक्टरची न्हाई इचारलं. तुमचा इस्वास जिच्यावर हाय ती द्या."

दोन्ही पट्ट्या हातात घेतल्या. मग महागाची काढून दिली. तिनं गिळली. दुकान उघडायचं सोडून मी तिच्याकडे बघत बसलो. स्वस्ताची अजून फेकलेली नाही.