आमच्या अंगणात जपानी गाडी

ब्रॅडी क्रीक, मिशिगन
८ मार्च १९८३

चि. मार्सी हीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. जपानी गाडी घेतल्याबद्दल अभिनंदन! एकोणतीस वर्षं इथल्या मोटार-कारखान्यात मी दारं बसवली, त्या पगारावर तू नर्स झालीस, आणि पहिल्याच कमाईत बापाचं असं नाव काढलंस. ईस्टरला जरूर ये. मात्र ती काडेपेटी आपल्या अंगणात लावायची नाही. चर्चपाशी ठेव आणि दोन गल्ल्या चालत ये. नर्सला व्यायामाचं महत्त्व मी काय सांगणार!

आपल्या कारखान्याची माझी पॉपलर गाडी ठणठणीत आहे. थंडीत अर्धा तास रुसते आणि पावसात डाव्या दारातून थोडं पाणी येतं, एवढंच. चौदा मेला तिच्यातूनच टोलीडोला येईन आणि लग्नात तुझा हात धरून तुला वेदीपर्यंत नेईन. काळजी नसावी.

आशीर्वाद तुला आहेत. गाडीने त्यात वाटा मागू नये.

तुझा बाबा,
चेस्टर

टोलीडो, ११ एप्रिल

ती. बाबांस सा. न. वि. वि.

ईस्टरचं हॅम सांभाळत दोन गल्ल्या बर्फातून चालले, व्यायाम झाला. काल तुमच्या शेजारच्या गोर्स्कीकाकूंचा फोन आला. म्हणाल्या, अगं मार्सी, तुझे बाबा फारच धार्मिक झालेत, ईस्टरची प्रार्थना चालू असताना गुडघे टेकून होते. फक्त चर्चबाहेर, तुझ्या गाडीपाशी! हातात फटी मोजायच्या पोलादी पट्ट्या होत्या म्हणे. काय सापडलं ते कळवावं.

आता पॉपलरचं. आजीच्या दफनाला तुम्ही तिच्यातूनच निघालात आणि माती लोटून झाल्यावर पोचलात, तेही तिला ओढणाऱ्या टो ट्रकमधून. तुम्ही त्यावर कधी बोलला नाहीत, मीही नाही. पण बाबा, वेदीपर्यंत मला एकटीला चालायचं नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी सकाळी दहाला, मी न्यायला येते. बसाल का माझ्या गाडीत?

लोभ आहेच; तो अंगणापर्यंत वाढावा.

तुमची मार्सी

ब्रॅडी क्रीक, १९ एप्रिल

चि. मार्सी हीस अ. आ.

गोर्स्कीबाईची नजर आमच्या कारखान्यातल्या तपासनिसांना असती, तर हे पत्र लिहायची वेळच आली नसती.

होय, मोजलं. नववीत शाळा सोडली, मोजमाप माझं मी शिकलो. नावं आधी ठेवली आणि मोजलं नंतर, हा क्रम तेवढा चुकला. चार दारं, दर दाराला तीन जागा. बाराही ठिकाणी फट बरोबर एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. कुठे तरी चूक निघेल म्हणून पुन्हा मोजलं. तेवढीच. आमच्याकडे दार बसेना की गुडघा लावतात, नाही तर रबरी हातोडा. मी एकदा फोरमनला म्हणालो होतो, ही फट वर एक सूत आहे आणि खाली दोन. तर म्हणाला, चेट, गिऱ्हाईक काय पट्टी घेऊन येणार आहे? मी गप्प बसलो. ती चूक मोजायला पट्टी लागत नाही.

शुक्रवारी ये. लग्नाचा सूट खांद्यावर टाकून मी चर्चपर्यंत चालणार नाही, तेव्हा गाडी सरळ अंगणात आण. गोर्स्कीबाईलाही नीट दिसू दे. जावयाला बरोबर घे. पॉपलर बाजूला ढकलावी लागेल, आपणहून ती हलत नाहीये.

आणि हे बघ, बसल्यावर मी दार धाडकन आपटलं तर रागावू नकोस. आमची दारं त्याशिवाय लागत नाहीत. एकोणतीस वर्षांची सवय आहे.

तुझा बाबा