चांदणीला बोलतं करणार

३ जुलै
ऑटिझम आणि बिहेवियर थेरपीचा पीजी डिप्लोमा सुरू. वर्गात सगळ्यात जास्त प्रश्न मीच विचारले. सेल्समधली वर्षं फुकट नाही गेली. समोरच्याला बोलतं करणं हा माझा हातखंडा. मुलं तर आपोआप माझ्याकडे ओढली जातात.

१० ऑगस्ट
प्रॅक्टिकल. शांती नगरच्या सेंटरवर पहिली केस मिळाली. चांदणी, पाच वर्षांची, उत्तनची. एक शब्द बोलत नाही. तिच्या आईला, सुगंधाताईंना, सांगून टाकलं की दिवाळीपर्यंत बोलेल. त्या म्हणाल्या, आजवर कुनी असं सांगितलं न्हाय, सर. 'सर' ऐकून बरं वाटलं. नंतर ममता मॅडमनी बाजूला घेतलं. कुठल्याही आईला असा शब्द द्यायचा नाही म्हणे. सुपरवायझर झालं की माणसाचा कॉन्फिडन्स जातो बहुतेक.

१८ ऑगस्ट, संध्याकाळ
सेशन मस्त. रंग, प्राणी, गाणी, सगळं ऐकवलं. चांदणीने टेबलाखाली बसून ऐकलं. मॅडमचा शेरा: तुम्ही फार बोलता. म्हणजे कम्युनिकेशन स्ट्राँग आहे.

२ सप्टेंबर
वैताग. साबणाचे फुगे नेले होते. 'फुगा म्हण, मग देतो' असं सांगत राहिलो. ती मनगटाला चावली. मॅडम म्हणाल्या, चावण्याआधी ती तुमचा हात ढकलत होती, दिसलं नाही का. दिसलं होतं. मला वाटलं, टाळी देतेय.

६ सप्टेंबर
वर्गातल्या रुचिताच्या केसने 'पाणी' म्हटलं. ती स्वतः सेशनभर गप्प बसलेली असते. तिला सोपी मुलं देतात. मॅडमशी बोलायला हवं. उद्या.

९ सप्टेंबर
ताप. आठवडाभर रजा. चांदणी मला शोधत असेल. माझ्या जागी रुचिता जातेय, ती चित्रांची कार्डं वापरते. फोन करून बजावलं, कार्डं नकोत, बोलण्याचं मी बघतो. ती म्हणाली, बघते.

१८ सप्टेंबर
नवीन प्लॅनसकट हजर. हातात माकडाचं पपेट. काचेपलीकडे मॅडम, सुगंधाताई आणि रुचिता. म्हटलं, आज होणार. मी माकडाच्या आवाजात सुरुवात केली. चांदणी टेबलाखालून बाहेर आली. सरळ माझ्यापाशी. पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. मी टाळीसाठी हात पुढे केला.
तिने माझ्या हातात रुचिताच्या कार्डांतलं एक ठेवलं. त्यावर 'बस झालं'. मग ती चपला घालायला गेली.
मॅडम दारातून हळूच म्हणाल्या, सुट्टी मागितलीय, लगेच द्या, नाहीतर शिकलेलं मोडेल. सुगंधाताई ओढणीने डोळे पुसत होत्या. पोरीनं आज पयल्यांदा सांगितलं तिला काय पायजे ते, म्हणाल्या, आणि रुचिताचा हात धरला.
मी माकडाच्याच आवाजात 'छान' म्हणालो आणि दार उघडून दिलं.