भुंडा पोपट आणि भायलं झाड

२ मार्च
दादाचा फोन. येत्या रविवारी गाडी घेऊन येतो म्हणाला — आता आजऱ्याला परत चल. देवेशला जाऊन चार महिने झाले, तिथे तुझं कोण राहिलं? मी म्हटलं, आई आहेत. तर म्हणतो, त्या त्याच्या आई.
खोटं नाही. पण राग आला.

३ मार्च
विहिरीवरची निलगिरी फुललीय. पोपटांची झुंबड! चिमणीएवढे, भुंडे, शेपूट नावालाच. उलटे लटकून फुलांतला मध चोखतात. आईंना त्यांचं भारी कौतुक — आपले पोपट! झाडाला मात्र बाहेरचं म्हणून शिव्या. "भायला झाड. बावीचा पाणी पिता."
आपल्या पोपटांचं पोट कुणाच्या फुलांवर भरतंय ते नाही दिसत! लग्न होऊन अकरा वर्षं झाली, मीही अजून 'घाटावरची'च आहे.

५ मार्च
डोक्यातून जात नाही. पोपट इथला, पिढ्यान्‌पिढ्या इथला — पण फुलोरा संपला की भुर्र. निलगिरी परमुलखातली. सासऱ्यांनी वनीकरणाचं रोप आणून लावलं. आता म्हणावं, जा परत! कशी जाईल? मग इथलं कोण म्हणायचं?
झाड पाणी ओढतं, हेही खरंच आहे. मीही आल्या आल्या आईंचा मुलगा त्यांच्यापासून थोडा ओढून घेतलाच की.

६ मार्च
शेवटी आईंना सांगितलं, दादा न्यायला येतोय. तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, मनात असेल तर जा, मी कोण अडवणार.
बस, एवढंच! एकदा तरी 'राहा' म्हणतील असं वाटलं होतं. फार लागलं मनाला.

७ मार्च
अबोला. भात त्यांनी रांधला, आमटी मी. जेवण नीट गेलं नाही, दोघींनाही.

८ मार्च
ठरलं. जायचं नाही. आईंनी म्हटलं नाही तरी राहायचं. दादा चिडेल, चिडू दे.

९ मार्च, रविवार
दादा आला. मी तोंड उघडायच्या आत आई खोलीतून बाहेर आल्या. ठेवणीतली साडी, हातात पिशवी! देवेशच्या लग्नाखेरीज ही बाई कधी घाट चढलेली नाही. दादाला म्हणाल्या, "हिका न्हेतास तर माका पण न्हेवा. हय माझा आता कोण आसा?"