दिवा कुठवर सोडला

३ एप्रिल २०२५, गुरुवार. धनज

आजही भिया दिवा न सोडताच उतरत होता. मी आठवण करून दिली म्हणून थांबला. मग दौलतसिंगने खिशातून मोबाइल काढला, टॉर्च लावला, व्हिडिओ सुरू केला, क्रेनच्या लोखंडी बादलीत उभा खोचला आणि मला म्हणाला, सोड. मी सोडली. वर ओढली तेव्हा टॉर्च सुरूच होता. सगळ्यांनी व्हिडिओ पाहिला — दगडी भिंत, उंबराची मुळं, खाली काळं पाणी.

"जळून राह्यला न दिवा? झालं तं मंग," दौलतसिंग म्हणाला. क्रेन त्याची, टोळीही त्याचीच.

नारळ फुटला. भिया — माझा मोठा भाऊ भाऊसिंग — बादलीत उभा राहून उतरला. नेहमी तोच पहिला उतरतो. पंधरा फुटांवरची मुळं तोडली आणि संध्याकाळी वर आला. ठीक होता.

विहीर इंद्रभानभाऊंची. वीस वर्षं बंद. उपसायची, गाळ काढायचा, मग दगड फोडून खोल करायची. आम्ही चौघं — दौलतसिंग, भिया, आमच्या बहिणीचा, निकिताचा, नवरा गोपीचंद आणि क्रेनच्या दांड्यावर मी. (आपसात बोलणं गोरमाटीत, आमच्या बंजारा बोलीत. वहीत मराठी, लिहायला शाळेत तीच शिकलो.)

दिवसभर काहीतरी चुकल्यासारखं वाटतंय. काय ते सापडत नाही.


४ एप्रिल, शुक्रवार

सापडलं!

टॉर्च सेलवर जळतो. त्याला हवा लागतच नाही. पिशवीत बांधून पाण्यात बुडवला तरी जळेल! कंदिलाला जी हवा लागते तीच माणसाला लागते, म्हणून जुने लोक आधी कंदील सोडायचे. आता तांड्यात एका घरी कंदील नाही, रॉकेल नाही. म्हणून सगळ्या टोळ्या मोबाइल सोडतात. दिवा सोडायची रीत तेवढी राहिली. कशासाठी सोडायचा, ते राहिलं नाही.

सहा वर्षांत आम्ही अशा किती विहिरी उतरलो ते मोजलं. एकतीस.

दहावी अर्ध्यात सोडली, पण विज्ञानाचं पुस्तक पिशवीत असतं. कार्बन डायऑक्साइड. रंग नाही, वास नाही. हवेपेक्षा दीडपट जड. म्हणजे खड्ड्यात पाण्यासारखा साचणार. कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यातून निघतो. आणि इंद्रभानभाऊ कालच सांगत होते की दरवर्षी मळणी झाली की सोयाबीनचं कुटार ह्याच विहिरीत लोटायचे. वीस वर्षांचं कुटार खाली कुजत पडलंय.

रंग नाही, वास नाही — मग माणसाला कळावं कसं?

गावातल्या दुकानातून मेणबत्त्यांचा पुडा आणला.


५ एप्रिल, शनिवार

पंप दोन दिवस चालू आहे. पाणी बरंच खाली गेलं.

दोरीला फुटाफुटावर गाठी मारल्या आणि मेणबत्ती सोडली. तिसाव्या गाठीला विझली. गोपीचंद म्हणाला, वारा. मग याडीने, म्हणजे आईने, दिलेली लोणच्याची काचेची बरणी रिकामी केली, मेणबत्ती तिच्या तळाशी चिकटवली. तोंड उघडं, बाजूने वारा नाही. पुन्हा तिसावी गाठ. चार वेळा करून पाहिलं. तीनदा तिसावी, एकदा एकोणतिसावी. जणू तिथं आडवी रेघ ओढली आहे!

आता कुणी वारा म्हणालं नाही. मी दौलतसिंगला म्हणालो, ट्रॅक्टरवरचा कंप्रेसर उभाच आहे, त्याचा पाइप खाली सोडू, अर्धा तास हवा मारू.

"डिझेल काय तुह्या सासरा भरून देईन?"

माझं लग्न झालेलं नाही. सगळे हसले. भिया हसला नाही. उठला, कडुनिंबाचा मोठा फांदा तोडला, दोरीला बांधला आणि विहिरीत वर-खाली, वर-खाली करत राहिला. तासभर. मी वरून पाण्याच्या बादल्या ओतल्या. हवा ढवळली की वायू निघून जातो, हे त्याने लहानपणी पाहिलं होतं म्हणे. मेणबत्ती परत सोडली. जळली!

मग तो उतरला.


६ एप्रिल, रविवार

रामनवमी. काम बंद. सगळे पोहरादेवीच्या यात्रेला. गर्दीत मी फक्त भियाचा शर्ट बघत होतो.


७ एप्रिल, सोमवार

एक दिवस विहीर ढवळली नाही, तर आज मेणबत्ती बाविसाव्या गाठीलाच विझली. वर येतोय. आम्ही नसतानाही तो वाढतोय.

दोन तास फांदा. माझे तळवे सोलले. दौलतसिंग खाटेवर बसून ओरडत होता की मृगाच्या आधी अजून सात विहिरी करायच्या आहेत, ह्या मास्तराच्या मेणबत्त्यांनी दिवाळी इथंच होईल.

दुपारी गोपीचंदने गावातून सोड्याच्या बाटल्या आणल्या. पुस्तकातलं मी त्याला सांगून ठेवलं होतं — सोड्याच्या बुडबुड्यांतही तोच वायू, आपण श्वास सोडतो त्यातही तोच. त्याने माझ्या तोंडासमोर ढेकर दिला. म्हणाला, "घे, मेणबत्ती लाव याच्याजवळ." मग म्हणाला, माणूस हाच वायू सोडतो तर लग्नच करू नको, रात्री बायको श्वास सोडेल अन् तू मरशील. मलाही हसू आलं. वायू थोडा असला तर काही होत नाही, साचला की होतं — हे सांगायचं राहिलंच.


८ एप्रिल, मंगळवार

आज मी दांडा सोडला.

जेवण झाल्यावर दौलतसिंग म्हणाला, सकाळी पाहिलं ना, आता परत कशाला. मी म्हणालो, तास-दीड तासात परत साचतो. तो म्हणाला, साचू दे. मी क्रेनवरून उतरलो आणि बांधावर जाऊन बसलो. त्याने शिव्या दिल्या, क्रेनला दुसरा माणूस आणतो म्हणाला. भिया माझ्याजवळ आला. मला वाटलं मारणार. शेजारी बसला. मातीची ढेकळं फोडायला लागला.

मग म्हणाला, "मी पहिले काहून उतरतो? तुह्या नंबर लागू नये म्हणून. मले ते जड हाय का हलकं हाय, काई समजत नाई. तू सांगशीन तं उतरीन. तू नाई म्हनशीन तं दौलतच्या बापाचंही ऐकत नाई."

उठून गेला आणि स्वतः फांदा हलवायला लागला. मी मेणबत्ती लावली.

आता सगळं माझ्या 'हो'वर आलं. हेच तर मला हवं होतं.


९ एप्रिल, बुधवार

पन्नास फूट. गाळ लागला. सकाळी जळली, जेवणानंतर जळली. भियाने दोन्ही वेळा वर बघून विचारलं, "जाऊ?" मी दोन्ही वेळा हो म्हणालो.


११ एप्रिल, शुक्रवार. तांडा

काल लिहिता आलं नाही. कालचं क्रमाने लिहितो.

जेवणानंतर फांदा हलवला. वीस मिनिटं. मेणबत्ती सोडली, जळली. भियाने विचारलं, मी हो म्हणालो. तो उतरला. गाळाच्या दोन बादल्या भरून दिल्या, त्या मी वर ओढून रिकाम्या केल्या. तिसरी खाली सोडली. भरली की तो दोर दोनदा हलवतो. दोर हलला नाही.

वाकून पाहिलं. भिंतीला पाठ टेकून बसला होता. डोकं गुडघ्यांवर. तंबाखू मळतोय असं वाटलं. हाक मारली. परत मारली.

गोपीचंदने दोर धरला आणि एक पाय आत टाकलासुद्धा. मी मागून त्याच्या कमरेला मिठी मारली. त्याने कोपराने माझं तोंड फोडलं. मी सोडलं नाही.

"तुह्या सख्खा भाऊ हाय बे तो!"

मी म्हणालो, कुणी उतरायचं नाही. दौलतसिंगला म्हणालो, कंप्रेसर. तो धावला. पाइप खाली सोडला, हवा मारली. इंद्रभानभाऊंनी घड्याळ धरलं होतं. अकरा मिनिटं. गोपीचंद रडत होता, मला शिव्या देत होता, आणि मी त्याच्या अंगावर बसून होतो. मग मेणबत्ती. मग गोपीचंदच्या कमरेला वेगळा दोर बांधून त्याला सोडलं. त्याने भियाला बादलीत घातलं. मी दांडा ओढला. पन्नास फूट. बादली इतकी हळू कधी वर आली नव्हती.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली आणि परत खिशात ठेवली.

अकरा मिनिटं मी माझ्या भावाला खाली ठेवलं.


१४ एप्रिल, सोमवार

खालच्या गावात जयंतीची मिरवणूक होती. तांड्यासमोरून जाताना त्यांनी डीजे बंद केला.

डॉक्टर गोपीचंदला म्हणाले, तू तेव्हा उतरला असतास तर दोन प्रेतं काढावी लागली असती. तिसरा गेला असता तर तीन. हे सगळ्या तांड्यात पसरलं. निकिता माझे पाय धरायला आली. मी पळालो.

वहिनी काही बोलत नाही.


१६ एप्रिल, बुधवार

दौलतसिंग सगळीकडे सांगत फिरतोय — पोराने दिवा सोडूनच माणूस उतरवला होता, मधेच गॅस फुटला, त्याला कोण काय करणार. वर गोपीचंदचा जीव ह्या पोरानेच वाचवला. आता मला मास्तर म्हणताना कुणी हसत नाही.

आज रिसोडकडे काम करणारी टोळी आली होती, चौघं. तेही मोबाइलच सोडतात. त्यांना सगळं दाखवलं — बरणी, गाठी, फांदा. तांड्यातल्या एका कोरड्या विहिरीवर त्यांच्याकडून दोनदा करून घेतलं. त्यांच्या म्होरक्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. शुक्रवारपासून त्यांची एक जुनी विहीर आहे.

ते गेल्यावर वहिनीने पहिल्यांदा विचारलं. "दिवा जळत होता न, भाऊजी?"

"जळत होता."

तिने मान हलवली आणि पीठ मळायला बसली.


१९ एप्रिल, शनिवार

रूपलाकाका आले. मानोऱ्याहून, जीपने. चाळीस वर्षं विहिरी खोदल्या त्यांनी. भियाला विहिरीत उतरायला त्यांनीच शिकवलं. आता गुडघे वाकत नाहीत. दोघांनी धरून खाटेवर बसवलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मोबाइलचं ऐकून थुंकले. बरणी मागवली, उलटीसुलटी करून पाहिली, चांगली हाय म्हणाले. चहा झाला. बाकीचे उठून गेले. मग एकदम विचारलं —

"दिवा कुठवर सोडला होता?"

मी म्हणालो, खालपर्यंत.

"गाळाले टेकवला होता का?"

"हो."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी खाली बघितलं. मग जीपवाल्याला हाक मारली आणि गेले.


२० एप्रिल, रविवार

नाही टेकवला. बरणी गाळात कलंडली तर मेणबत्ती विझेल, आणि नुसती कलंडून विझली का वायूने विझली ते कळणार नाही, म्हणून मी दोरी चार फूट वर थांबवायचो. उभ्या माणसाच्या छातीएवढी. जड वायू खालीच राहतो, हे मीच सगळ्यांना सांगत होतो. भिया दोन बादल्या भरून दमला आणि खाली बसला.

रिसोडच्या टोळीलाही मी तसंच दाखवलं — गाळापासून चार फूट वर. सकाळपासून सहा वेळा फोन लावला. कुणी उचलत नाही.

वहिनीच्या समोर बसून सगळं सांगितलं. ती उठली, भियाचा शर्ट खुंटीवरून काढला, त्याच्या खिशातले एसटीचे पैसे माझ्या हातावर ठेवले. म्हणाली, "माह्यासमोर मंग बस. पहिले रिसोडले जा."