लहान रिंग

मंगळवार, ११ जानेवारी २०००

गोखिवऱ्याच्या वर्कशॉपमधून करून आणलेली लहान रिंग आज बास्केटबॉलच्या रिंगमधून काढली. तिच्यात बॉल जेमतेम मावतो. मुलींचा नेम सुधारावा म्हणून मीच बसवली होती. आठवडाभर सगळ्या चुकत होत्या, हसत होत्या. केतकी तर म्हणाली, "मिस, ही बांगडी आहे. बॉल नको, लिंबू द्या!"

शनिवारी मॅच, म्हणून काढली. आणि सिल्व्हियाने, आमच्या सगळ्यात चांगल्या शूटरने, शॉट घेणंच सोडलं. बॉल आला की पास. बाजूला घेऊन विचारलं, तर हळूच म्हणाली, "ती राहू दे ना, मिस. तिच्यात चुकलं तर सगळ्याजणी रिंगला हसतात, मला नाही."

म्हणजे नेमासाठी आणलेली रिंग तिला लपायची जागा झाली? आठवडाभर मी बॉलकडेच बघत होते का? परत बसवावी... नको. शनिवारी ही लहान रिंग तिथे नसणार.

"उद्या पहिला शॉट तुझा," मी म्हटलं.

"आणि चुकला तर?"

"दुसराही तुझाच."

म्हटलं खरं. पण शनिवारी, शेवटचे दोन पॉइंट हवे असताना, हेच म्हणेन ना मी?