दुकानाचा उजेड

नाना,

तुमच्या मुलाने पिंप्राळ्यातल्या घरात समुद्र ठेवला आहे. तीन फुटांची काचेची पेटी, बादलीत कालवलेलं खारं पाणी आणि एका दगडावर बसलेली पोवळी. मंगळ शांत व्हावा म्हणून तुम्ही अंगठीत घालायचात ते पोवळं नव्हे. ही जिवंत, मऊ, शर्टाच्या बटणाएवढी. उजेडावर जगतात. उजेड मानवला की उमलतात, नाही मानवला की आपल्या मोठ्या आत्यासारखी तोंड मिटून बसतात. बारा दिवस ती मिटलेली होती. आणखी आठवडाभर तशीच राहिली असती तर दगड तेवढा उरला असता. दोष मी तुमच्यावर टाकून मोकळा झालो होतो.

दिवा घ्यायला भुसावळला गेलो. दुकानदाराने निळा एलईडी लावला आणि त्याच्या दुकानातल्या पेटीतली बटणं निखाऱ्यासारखी पेटली, हिरवी कड, केशरी डोळा. मला लगेच तुम्ही नोकरीला होतात ते धुळ्याचं कापडदुकान आठवलं. मी कॉलेजातला, दिवाळीच्या सुट्टीत तुमच्याशेजारी गादीवर बसलेला. गावाकडची एक अक्का साडीवर जुळणारा ब्लाउजपीस मागते. ट्यूबलाइटखाली मी एक पीस लावून बघतो आणि जुळला म्हणून कात्री उचलतो. तुम्ही माझा हात धरता. तिला म्हणता, "अक्का, दुकानना उजाया दुकानदारना ऱ्हास. बाहेर चला, देखा." दुकानातला उजेड दुकानदाराच्या बाजूचा असतो, खरा रंग बाहेर. ओट्यावर उन्हात साडी मोरपंखी निघते आणि पीस शेवाळी. मग दुकानाच्या मालकांच्या, शेटजींच्या देखत मला विचारता, डोळे घरी ठेवून आलास का. तो प्रसंग मी तीस वर्षं चारचौघांत रंगवून सांगत आलो आहे. वडील असे हवेत म्हणून.

तेव्हा तुमचा मुलगा काय निळ्या उजेडाला फसणार? मी त्या दुकानदाराला म्हटलं, हा ऑर्केस्ट्रावाल्यांचा दिवा दुसऱ्या कुणाला तरी विक, मला उन्हासारखा पांढरा दाखव. तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, हा उजेड तुमच्यासाठी नाही, त्यांच्यासाठी आहे." वाक्य झकास होतं, म्हणून तर मी त्याला पक्का चोर समजलो. पांढरा दिवा आणला आणि पूर्ण जोरावर लावला. बायको म्हणाली, जळगावचं ऊन आपल्याला सोसत नाही, ते बिचारे समुद्रातले. संध्याकाळपर्यंत बटणं बंद.

मग वाचत बसलो. पाणी उजेड खातं, नाना. आधी तांबडा गिळतं, मग पिवळा, आणि खोल जाता जाता निळाच उरतो. या जिवांच्या अंगात शेवाळासारखं काहीतरी राहतं, ते त्या निळ्यावर स्वयंपाक करतं आणि यजमानाला जेवू घालतं. म्हणजे दुकानदाराने मला दुकानाचा उजेड दाखवलाच नव्हता. त्याने समुद्राचा दाखवला होता. हे वाचत असताना धुळ्याच्या त्या दिवसाचा उरलेला अर्धा भाग कुठून तरी वर आला.

ओट्यावरून आत येता येता तुम्ही अक्काला विचारलं होतं, "लगीन दिवसनं शे का रातनं?" ती म्हणाली, रातनं. तुम्ही ट्यूबलाइट बंद केली, गल्ल्यावरचा पिवळा बल्ब लावला आणि त्याच्याखाली साडी पुन्हा धरली. पीस जुळत होता. माझाच, शेवाळी. तुम्ही तोच कापून दिलात. शेटजी हसले. त्यांच्याहून मोठ्याने मी हसलो, म्हणालो, नाना, एकदा काय ते ठरवा. तुम्ही कापडाची घडी घालत खाली बघून म्हणालात, "जठे नेसनं, तठला उजाया." जिथे नेसायचं, तिथला उजेड.

परत भुसावळला जाऊन निळा दिवा आणला. आता तो मंद ठेवला आहे, दर आठवड्याला थोडा वाढवायचा. आज सकाळी दगडाच्या कडेचं एक बटण उघडलं. एकच. मी स्टूल ओढून तिथेच बसलो, चहा गार झाला.

दुकानदाराला मी सांगितलं की पहिला दिवा खराब निघाला. घडी घालताना तुम्ही जसे खाली बघायचात तसा खाली बघत तो निळा दिवा खोक्यात भरत राहिला.